गाळलेला अंक

शुक्रवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन सदानंद बायकोला म्हणाला, "साखर विसरलीस का वहिनी?"

म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला. आपण काय बोललो याचा त्याला पत्ताच नव्हता. मृणालिनी ओट्यापाशी उभी होती, तिच्या हातातलं गाळणं हातातच राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला मृणाल म्हटलं होतं, लाडात आला की मृणू म्हटलं होतं, भांडण झालं की मॅडमही म्हटलं होतं. वहिनी म्हणणारा माणूस या घरात एकच होता, तिचा धाकटा दीर देवव्रत, सगळ्यांचा देव. आणि तो गेल्या हिवाळ्यात दोह्याबाहेर अल खोरच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला होता.

तिनं गुपचूप साखर आणून दिली. दुसरं काय करणार? तू आत्ता देवसारखा बोललास, असं सांगितलं असतं तर सदानंद हसला असता. आणि ते हसूही देवचंच निघालं तर?

अलीकडे हे वाढलं होतं. आधी घसा खाकरणं आलं, मग जेवताना ताटावर बोटांनी ठेका धरणं. मग एकदा अल सद्दच्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या किराणावाल्याला "यल्ला कमाल, दे भाई, उशीर होतोय" असं ओरडणं. सदानंद कुणावर ओरडणारा माणूसच नव्हता. वायूच्या प्लांटवर पंचवीस माणसं हाताखाली असूनही ज्याचा आवाज कधी चढला नाही असा हा गृहस्थ. कमालनं वर बघितलं होतं, आणि त्याच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली होती.

हे सगळं कशामुळे होतंय ते मृणालिनीला पक्कं ठाऊक होतं. दर शुक्रवारी दुपारी सदानंद आतल्या खोलीत जायचा, देवच्या पलंगावर बसायचा, देवचा फोन हातात घ्यायचा आणि नाशिकला आपल्या आईशी देव होऊन बोलायचा.

ते थांबवायला हवं होतं. नाहीतर एखाद्या शुक्रवारी खोलीत सदानंद जाईल आणि बाहेर येताना तो नसेल, असं तिला वाटू लागलं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

त्या दिवशी तिच्या डोक्यावर आणखी एक काम होतं. तिला एक सिनेमा बघायचा होता. बघायचा म्हणजे तपासायचा.

दोह्यातल्या मराठी मंडळाचा शनिवारचा मराठी वर्ग पूर्णिमा कर्णिक चालवायच्या. दोह्यात वाढणारी पोरं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात, ही त्यांची जन्माची खंत. त्यात मोठ्या मुलांना 'पैलहाक' हे जुनं नाटक शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं आणि भाषा तशीच, पल्लेदार. पोरांनी पहिल्याच पानावर मान टाकली. तेवढ्यात त्याच नाटकावर नवा कोरा सिनेमा आला, आणि पूर्णिमाताईंना दिवाळीआधीच दिवाळी झाली.

"मृणाल, तू बघून सांग गं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तुला शाळेतली सवय आहे. मुलांना दाखवण्यासारखा आहे का, नाटकाला धरून आहे का, एवढंच. उद्याच दाखवते. मुलं वाचणार नाहीत, सिनेमा तरी बघतील."

सवय होती हे खरं. मृणालिनी अल दुहैलच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी शिकवायची. वर्गात कुठलाही सिनेमा दाखवायचा तर आधी शिक्षकानं तो रिमोट हातात धरून अथपासून इतिपर्यंत बघायचा, कुठे पुढे पळवायचं ते ठरवायचं, असा तिथला रिवाज. त्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिच्या तावडीतून सुटलेलं चुंबन अजून कुठल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही, असं देव चारचौघांत सांगायचा.

पण 'पैलहाक' म्हटल्यावर तिनं आधी नाहीच म्हणून पाहिलं. पूर्णिमाताई ऐकतात थोड्याच.

नाटकाची गोष्ट अशी. नदीकाठी दोन भाऊ, दोघंही नावाडी. आई दृष्टीनं अधू. ऐन पुरात थोरला बुडतो. धाकटा पलीकडच्या काठावर अडकलेला असतो. नदी इतकी फुगलेली की अलीकडे येता येत नाही. तिन्हीसांजेला आई दारात येऊन दोघांना हाक मारते, आणि धाकटा पैलतीरावरून आधी आपल्या आवाजात ओ देतो, मग थोरल्याच्या. आईला वाटतं, दोघं सुखरूप आहेत. पूर उतरेपर्यंत रोज संध्याकाळी तो मेलेल्या भावाच्या आवाजात ओ देत राहतो.

हे नाटक मंडळानं काही वर्षांपूर्वी बसवलं होतं. धाकटा भाऊ झाला होता देव. काय काम केलं होतं त्यानं! नकला करायचा त्याला लहानपणापासून नाद. दोन्ही आवाज असे काढले की पहिल्या रांगेतल्या बायकांचे पदर ओले झाले. सदानंद विंगेत प्रॉम्प्टर होता. त्याला स्टेजवर यायची लाज, पण भावाचं प्रत्येक वाक्य, वाक्यातला श्वाससुद्धा, त्याला तोंडपाठ. नाटक खरं चार अंकी. पण हॉल वेळेत रिकामा करून द्यायचा होता, बाहेर पुरी-भाजी निवत होती, म्हणून कमिटीनं चौथा अंक गाळून टाकला. तिसऱ्या अंकाशेवटी देव हात उंचावून थोरल्याच्या आवाजात हाक देतो आणि पडदा. टाळ्याच टाळ्या. दोह्यातल्या मराठी माणसांच्या लेखी 'पैलहाक' तिथंच संपतं.

आणि मग ती शुक्रवारची पहिली दुपार. देवला मुंबईला नेऊन, अग्नी देऊन सदानंद परत आला होता. जगभरातून लोक अस्थी घेऊन नाशिकला येतात. नाशिकच्या या पोराच्या अस्थी मात्र नाशिक चुकवून दुसरीकडे सोडाव्या लागल्या, कारण नाशकात आई होती, आणि आईच्या हृदयाची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती. "एवढ्यात कळवू नका," मुंबईचे मामा म्हणाले. "काकांच्या वेळी तुझ्या आईनंच आजीला काय सांगितलं होतं? बाहेरगावी गेलाय, तिथे फोन नाही. सहा महिने निभावलं तिनं. आजी सुखानं गेली." त्यांच्या घराची रीतच ती. वाईट बातमी म्हाताऱ्या माणसापर्यंत जाऊ द्यायची नाही. दाराशीच तिला चहा पाजून परत पाठवायची.

आईचा फोन आला. देव का बोलत नाही, म्हणाली. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली होती, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्न नव्हता. सदानंदनं मृणालिनीकडे बघितलं, फोन कानापासून जरा लांब धरला, घसा खाकरला, आणि तिसऱ्या अंकातला देव बोलला. "काय गं म्हातारे, जेवलीस का?"

मृणालिनीनं त्याला थांबवलं नाही. पलीकडे आई खुदकन हसली होती ना.

पुढे मग ते सोयीचं होत गेलं. आईला फोन देवनंच घेऊन दिला होता, कुणाचा फोन येतोय त्याचं नाव मोठ्यानं सांगणारा. म्हणून देवचं सिम चालू ठेवावं लागलं. एका माणसानं लागोपाठ दोघांच्या आवाजात बोलणं अवघड जायला लागलं. सदा म्हणून बोलायला गेला की त्याला रडू यायचं, देव म्हणून बोलताना यायचं नाही. मग सदानंदनं स्वतः बोलणं कमी कमी करत बंदच केलं. देवच सांगायचा, "सदा ऑफशोअरला गेलाय आई, समुद्रात. तिथे फोन लागत नाही." अधूनमधून मृणालिनी बोलायची, तीही तेच सांगायची. उन्हाळ्यात ते घरी गेले नाहीत. जाणार कसे? दोघांपैकी एकच गेला असता.

जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर सिनेमा लावला. मुलगी अंतरा, दहावीतली, सोफ्यावर पाय पसरून बसली. "Is this homework?" तिनं विचारलं.

"माझा आहे. तू गप्प बघ."

सिनेमा चांगला निघाला. वाईट असता तर बरं झालं असतं, असं मृणालिनीला पहिल्या अर्ध्या तासातच वाटलं. नदीच्या जागी आता मुंबई आणि परदेश होता. थोरला परदेशात मरतो. धाकटा त्याचे जुने व्हॉइस मेसेज गोळा करून कंप्युटरला देतो, आणि कंप्युटर हुबेहूब थोरल्याच्या आवाजात आईशी बोलू लागतो. आई खूश. धाकटा लग्न करतो, घर घेतो, त्याला मुलगी होते. शेवटी म्हातारी झोपाळ्यावर बसून फोनमधल्या आवाजाशी हसत बोलते, नात तिच्या मांडीवर, खिडकीत उन्हं. संपलं. शिव्या नाहीत, मारामारी नाही, एकही प्रसंग पुढे पळवण्यासारखा नाही. भाषा आजची, पोरांना कळणारी. शाळेच्या मापानं तर शंभरपैकी शंभर.

"Nice," अंतरा म्हणाली. मग तिनं उशी छातीशी धरली. "पण आई, the brother had it so easy. त्याला स्वतः बोलावं नाही लागत. Baba does the whole thing himself."

मृणालिनीनं वळून बघितलं तर दारात सदानंद उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"काका असता तर म्हणाला असता, मशीननं माझ्या पोटावर पाय आणला," अंतरा त्याला म्हणाली. तिला वातावरण हलकं करायचं होतं. सदानंद हसला. ते हसू कुणाचं होतं ते मृणालिनीनं मुद्दाम ऐकलं नाही.

अंतरा खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे गेली तशी मृणालिनीनं कपाटातून 'पैलहाक'ची जुनी प्रत काढली. तालमीची प्रत होती, तिसऱ्या अंकापर्यंत सदानंदच्या पेन्सिलीच्या खुणा, पुढे पानं कोरी करकरीत. चौथा अंक घरात कुणी वाचलाच नव्हता. तिनंसुद्धा नाही. तुलना करायची तर वाचणं भाग होतं, म्हणून ती उभ्याउभ्याच वाचू लागली, आणि वाचता वाचता खाली बसली.

चौथा अंक लहानसा होता, तीन-चार पानांचा. पूर उतरतो. धाकटा नदी उतरून घरी येतो. आई अंगणात तांदूळ निवडत बसलेली. तो हाक मारतो, "आई." आई विचारते, "कोण आहे?" तो नाव सांगतो. ती म्हणते, "बसा हो. लांबून आलात? पाणी देऊ?" तो पुन्हा नाव सांगतो. ती मान हलवते आणि तांदूळ निवडत राहते. माझे मुलगे पैलतीरी असतात, म्हणते, संध्याकाळी हाक येईल, थांबा ऐकायला. तो तिच्याशेजारी बसून राहतो. संध्याकाळ होते. पडदा.

तिनं ती पानं सदानंदपुढे धरली. तो वाचत असताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. अर्धं वाचून त्यानं पुस्तक मिटलं.

"काय लिहिणार आहेस पूर्णिमाताईंना?"

"लिहिणार आहे की सिनेमा चांगला आहे, आणि म्हणूनच एवढ्यात दाखवू नका. आधी मुलांकडून चौथा अंक वाचून घ्या. नाटकात तो मुलगा सगळ्याची किंमत मोजतो. सिनेमात कुणीच काही मोजत नाही, आणि पंधरा वर्षांच्या पोरांना आपण सांगायचं की बघा, हे असं सोपं असतं?" तिचा आवाज चढला होता. "सदा, आज सकाळी तू मला वहिनी म्हणालास."

गॅलरीच्या काचेवर धूळ बसली होती, पलीकडे रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. शुक्रवारची दुपार, सगळीकडे सुस्ती.

"खरंच?" त्यानं शेवटी विचारलं.

"खरंच."

"मला भीती वाटते मृणाल," तो म्हणाला. हा मात्र सदानंदच होता. घोगरा, अडखळणारा, तिच्या ओळखीचा. "आईला काही झालं तर? आणि खरं सांगू का, मला आवडतंही ते. खोलीत गेलो की थोडा वेळ तो असतो. मी बोलतो, मग माझ्याच कानावर त्याचा आवाज येतो. फोन ठेवला की तो पुन्हा जातो. दर शुक्रवारी जातो."

मृणालिनीला रडू आलं. देवसाठी ती पुष्कळ रडली होती; आज पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली. मग डोळे पुसून तिनं सांगून टाकलं, "आज त्याच्या फोनवरून नाही. आज तुझ्या फोनवरून, तुझ्या आवाजात. आधी नुसतं बोल. आई, मी सदा, एवढं. सावकाश सांगू पुढचं. परवाचं तिकीट काढ, आपण जाऊ, समोर बसून सांगू. डॉक्टरांना विचारून सांगू. पण आज तू बोल."

तो तळहात चोळत हो म्हणाला.

देवच्या खोलीत न जाता ते दोघं हॉलमध्येच बसले. सदानंदनं आपला फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे घंटी वाजत राहिली, नेहमीपेक्षा जास्त. आईपाशी राहणाऱ्या फुलाबाईनं उचलला, पण "बोला" म्हणाली नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"फुलाबाई? आईला द्या."

"कोन?" फुलाबाईचा आवाज कापत होता. "कोन बोलतंय?"

"अहो मी सदानंद."

काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग आईचा आवाज, शांत, जरा थकलेला.

"देवा, त्याचा फोन अजून चालू ठेवलायस होय रे?"

सदानंदनं मृणालिनीकडे बघितलं. तिला काही उमगलं नव्हतं.

"आई, मी सदा बोलतोय."

"आता फोननं त्याचं नाव घेतलं ना, तशी फुला बिचारी घाबरून पळाली. मी म्हटलं, अगं देव असेल. नंबर चालू ठेवला असेल त्यानं भावाचा. मी पण ह्यांचा चष्मा ठेवलाच की."

"आई, ऐक. मी सदा. मी—"

"मला कळलंय रे राजा," आई म्हणाली. "केव्हाच कळलंय. ऑफशोअरला गेलाय, फोन लागत नाही. अरे, हे मीच शोधून काढलेलं आहे. तुझ्या आजीला मी असंच सांगत होते, बाहेरगावी गेलाय, फोन नाही. ते शब्द मला ओळखू येणार नाहीत होय? उन्हाळ्यात तुम्ही आला नाहीत तेव्हाच मी समजले. मामाला विचारलं, माझी दोन्ही मुलं बरी आहेत ना रे? तो नुसता खोकत बसला. मृणालचा आवाज ऐकते, रडून बसलेला असतो. म्हटलं, सांगत नाहीत तर नको सांगू देत. माझ्यासाठीच करताय. देव तरी आहे ना, दर शुक्रवारी फोन करतो, हसवतो. परमेश्वरानं एक ठेवला म्हणून मी जगले बघ."

मृणालिनीनं फोन ओढून घेतला.

"आई, मी मृणाल. तुमचा गैरसमज झालाय हो. हे इथंच आहेत, माझ्या शेजारी बसलेत. सदानंद जिवंत आहे आई!"

"हो गं पोरी," आई मायेनं म्हणाली. "असतात ते. शेजारीच बसलेले असतात. ह्यांच्या मागं मलाही वर्षभर तसंच व्हायचं. तू सावर स्वतःला. अंतराला जप."

"आई, नाही हो, तसं नाही—"

"सर्वपित्रीला मी त्याचं पान वाढलं," आई सांगतच होती. इतके दिवस कोंडलेलं बोलत होती ती. "फुलाला म्हटलं, गच्चीवर ठेव. सगळं त्याच्या आवडीचं केलं, अळूची भाजी, खीर. पण कावळा शिवेना. बाकी सगळ्यांच्या पानांना शिवले, समोरच्या गच्चीवर नुसती झुंबड. ह्या पानाकडे एक फिरकला नाही. मी म्हटलं, मृणालला काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. अंतराचं शिक्षण करू, म्हटलं. तरी नाही. संध्याकाळपर्यंत पान तसंच. काय राहिलं असेल रे त्याचं मनात? माझ्याशी शेवटचं बोलायचं राहिलं, दुसरं काय असणार?"

सदानंद आता रडत होता, तोंडावर हात दाबून. मग त्यानं हात काढला आणि अगदी लहान मुलासारखं ओरडून म्हणाला, "आई, कावळा नाही शिवला कारण मी मेलो नाही! मी सदा आहे. देव गेला. आपला देव गेला आई, गाडी उलटली. मी त्याच्या आवाजात बोलत होतो इतके दिवस. मी खोटं बोललो. मी सदा!"

पलीकडे पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मृणालिनीला वाटलं, संपलं. एकतर आई संपली, नाहीतर हे सगळं संपलं.

"देवा," आई म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. "किती हुबेहूब काढतोस रे त्याचा आवाज. रडणंसुद्धा तसंच. लहानपणीही काढायचास, मी फसायचे, थोरल्याला मारायला जायचे आणि सापडायचास तू. पण आता नको रे. मला बरं वाटावं म्हणून करतोयस, कळतंय मला. स्वतःला मारून घेतोस आणि त्याला जिवंत करतोस, असं अभद्र बोलू नये. गेलेल्या माणसाचा आवाज काढू नये राजा. तो मग जात नाही, अडकतो. म्हणूनच शिवला नसेल कावळा. तुझ्यामुळे अडकलाय माझा सदा..."

पुढचे शब्द तुटक झाले. श्वास मोठमोठ्यानं येऊ लागला. मग फोन कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखा आवाज, आणि फुलाबाई.

"देवभाऊ, काय लावलंय हे? बाईंना धाप लागली! छातीवर हात धरून बसल्यात. पाया पडते तुमच्या, नका काढू दादांचा आवाज. तुमच्या आवाजात बोला, सांगा त्यांना, न्हाई काढनार म्हना. लवकर म्हना!"

"द्या त्यांना गोळी, जिभेखाली!" मृणालिनी ओरडली. "डॉक्टरांना फोन करा!"

"गोळी दिलीय वहिनी. पन तुमी त्यांना बोलू द्या आधी!"

मृणालिनीनं नवऱ्याचा हात धरला. नको म्हणायचं होतं तिला. म्हणायचं होतं, एकदा आणखी सांग, तुझ्याच आवाजात सांग, ऐकेल ती. पण पलीकडून ती धाप ऐकू येत होती, एकेक श्वास खेचून आणल्यासारखा. तिनं हात सोडला.

सदानंदनं डोळे पुसले. घसा खाकरला. फोन कानापासून जरा लांब धरला.

"बरं गं म्हातारे," देव म्हणाला. "नाही काढणार. शांत हो बघू आता. मी आहे ना? परवा येतो तुला भेटायला."

धाप हळूहळू बसत गेली. आईनं नाक ओढलं, आणि मग ती बोलली, थकलेली पण निवांत.

"आता कसं," ती म्हणाली. "हा माझ्या लेकाचा खरा आवाज."